विम्यात आहे, पण कोणाच्या? कनेक्टिकटच्या स्तन-सोनोग्राफी कायद्याचे प्रकरण

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात राहणाऱ्या नॅन्सी कॅपेलो यांच्या हाती 2003 च्या नोव्हेंबरमध्ये नेहमीचा मॅमोग्राम अहवाल आला. गेली दहाहून अधिक वर्षे तो येत होता तसाच याही वेळी तो निर्धास्त करणारा होता. काळजी करण्यासारखे काही आढळले नाही, असे त्यात लिहिले होते. त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी वार्षिक तपासणीच्या वेळी त्यांच्या डॉक्टरांच्या बोटांना स्तनात काहीतरी कडक लागले. पुन्हा मॅमोग्राम काढला, त्यात पुन्हा काहीच दिसले नाही. त्याच दिवशी सोनोग्राफी केली, आणि तिच्यात सुमारे अडीच सेंटिमीटरची गाठ स्पष्ट दिसली. 2004 च्या फेब्रुवारीत निदान झाले तेव्हा कर्करोग तिसऱ्या टप्प्याच्या शेवटच्या पायरीवर पोहोचला होता आणि काखेतील तेरा लसिकाग्रंथींत पसरलेला होता.

कॅपेलो या शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या, डॉक्टरेट मिळवलेल्या बाई होत्या. इतकी वर्षे नेमाने तपासणी करूनही हे घडले कसे, असा सरळ प्रश्न त्यांनी डॉक्टरांना विचारला. उत्तर मिळाले की त्यांचे स्तन घन ऊतींचे असल्यामुळे मॅमोग्रामला गाठ दिसली नसावी. मग हे आजवर मला का सांगितले नाही, या त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाला मिळालेले उत्तर असे होते की रुग्णाला ते कळवण्याची पद्धत नाही. या दोन उत्तरांमधून पुढे दोन कायदे निघाले. त्या कायद्यांना नंतरच्या सतरा-अठरा वर्षांत वेळोवेळी जोड द्यावी लागली, आणि तरीही त्यातला विम्याचा कायदा कनेक्टिकटमधील बहुसंख्य नोकरदारांच्या विम्याला लागू होत नाही. असे का, हे पाहणे हा या प्रकरणाचा विषय आहे.

पांढऱ्यावर पांढरे

कायदा समजण्यासाठी आधी यंत्राची मर्यादा समजून घ्यावी लागते. मॅमोग्राममध्ये चरबी काळसर दिसते, ग्रंथींची आणि तंतूंची ऊती पांढरी दिसते, आणि गाठही पांढरीच दिसते. चरबी जास्त असेल तर काळ्या पाटीवर खडूने काढलेल्या ठिपक्यासारखी गाठ उठून दिसते. ऊती घन असेल तर तोच ठिपका चुन्याच्या भिंतीवर शोधावा लागतो. अमेरिकन रेडिओलॉजिस्टांच्या बाय-रॅड्स या मोजपट्टीत घनतेचे चार वर्ग आहेत आणि वरच्या दोन वर्गांत, म्हणजे 'घन' या सदरात, चाळिशी ओलांडलेल्या सुमारे निम्म्या स्त्रिया येतात. घनता हा आजार नव्हे आणि अपवादही नव्हे. ती हाताला लागून कळत नाही. मॅमोग्राम वाचणाऱ्या डॉक्टरलाच ती दिसते.

ही गोष्ट वैद्यकाला कॅपेलो यांच्या निदानानंतर कळली, असे मुळीच नाही. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अकरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसले होते की चरबीचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या स्तनांत मॅमोग्राम 98 टक्के कर्करोग पकडतो, तर सर्वांत घन स्तनांत हे प्रमाण 48 टक्क्यांवर उतरते. म्हणजे नाणे उडवून मिळणाऱ्या उत्तराइतकाच भरवसा. रेडिओलॉजिस्ट घनतेचा वर्ग लिहीत होते आणि तो अहवाल स्त्रीच्या डॉक्टरांकडे जात होता. स्त्रीच्या घरी येणाऱ्या पत्रात मात्र फक्त निष्कर्ष असे.

आधी हक्क, मग माहिती

कनेक्टिकटच्या विधिमंडळाने 2005 मध्ये केलेला कायदा विम्याविषयी होता. राज्याच्या विमा कायद्यात मॅमोग्रामचे कलम आधीपासूनच होते: पस्तीस ते एकोणचाळीस या वयात एक पायाभूत मॅमोग्राम आणि चाळिशीपासून दरवर्षी एक. त्यात आता अशी भर पडली की मॅमोग्राममध्ये बाय-रॅड्सप्रमाणे घन ऊती दिसल्यास संपूर्ण स्तनाच्या सोनोग्राफीचा खर्चही वैयक्तिक आणि समूह अशा दोन्ही प्रकारच्या पॉलिसींत समाविष्ट असला पाहिजे. पुढच्याच वर्षी कौटुंबिक इतिहास, स्वतःला पूर्वी झालेला कर्करोग, जनुकीय चाचणीचा निष्कर्ष किंवा डॉक्टरांना वाटणारे अन्य कारण यांमुळे धोका अधिक असलेल्या स्त्रियांनाही या कलमात जागा मिळाली. घन ऊतींसाठी सोनोग्राफीचा विमा सक्तीचा करणारे कनेक्टिकट हे अमेरिकेतील पहिले राज्य ठरले.

हे घडले ते हार्टफर्डमध्ये. कनेक्टिकटची ही राजधानी शंभराहून अधिक वर्षे अमेरिकेच्या विमा व्यवसायाची राजधानी म्हणून ओळखली जाते. विधिमंडळाच्या घुमटापासून मोठमोठ्या विमा कंपन्यांची कार्यालये हाकेच्या अंतरावर आहेत. त्या वेळच्या गव्हर्नर जोडी रेल यांच्यावर 2004 च्या डिसेंबरमध्ये स्तनाच्या कर्करोगाचीच शस्त्रक्रिया झाली होती. योगायोगाला कायद्याच्या अभ्यासात फारसे स्थान नसते, हे मान्य. पण विमा कंपन्यांच्या अंगणात विमा कंपन्यांवर अशी सक्ती लादणे राजकीयदृष्ट्या कसे शक्य झाले, हे समजून घेताना हा तपशील अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही.

कायद्यात मात्र एक ठळक पोकळी राहिली होती. 'घन ऊती असल्यास सोनोग्राफीचा हक्क' असे कलम म्हणत होते, आणि आपली ऊती घन आहे हे त्या स्त्रीला कळवण्याची सक्ती कोणावरच नव्हती. जिला आपण पात्र आहोत हेच ठाऊक नाही, ती दावा दाखल करणार तरी कसा? आपल्याकडे एखाद्या सरकारी योजनेचा शासन निर्णय निघतो आणि लाभार्थ्याला तो मुदत संपल्यावर कळतो, त्यातलाच हा प्रकार. हक्क आधी आणि माहिती नंतर, या उलट्या क्रमामुळे 2005 पासूनची चार वर्षे हे कलम बऱ्याच अंशी कागदावर राहिले, असे माझे मत आहे.

ही पोकळी 2009 च्या दुसऱ्या कायद्याने भरली. कॅपेलो यांनी 2008 मध्ये पती जो यांच्यासह 'आर यू डेन्स' ही संस्था स्थापन केली होती आणि माहितीची सक्ती हीच तिची मुख्य मागणी होती. 1 ऑक्टोबर 2009 पासून कनेक्टिकटमध्ये मॅमोग्राम काढलेल्या प्रत्येक स्त्रीला मिळणाऱ्या अहवालात घनतेची माहिती देणे बंधनकारक झाले, आणि हेही देशात पहिल्यांदाच घडले. पत्रात काय लिहायचे ते कायद्यानेच ठरवून दिले. त्याचा आशय असा: तुमच्या मॅमोग्राममध्ये घन ऊती दिसत असेल, आणि तिच्यामुळे लहान दोष झाकले जाऊ शकतात, तर तुमच्या वैयक्तिक धोक्यानुसार सोनोग्राफी, एमआरआय किंवा दोन्ही अशा पूरक तपासण्यांचा तुम्हाला उपयोग होऊ शकेल, अहवाल तुमच्या डॉक्टरांकडे पाठवला आहे, शंका असल्यास त्यांच्याशी बोला.

मजकूर वरवर साधा आहे, पण प्रत्येक शब्द तोलून वापरलेला दिसतो. 'उपयोग होऊ शकेल' असे म्हटले आहे, 'करून घ्या' असे नाही. पुढे अनेक राज्यांनी घनता कळवण्याचे कायदे केले, पण त्यातील बऱ्याच राज्यांनी विम्याची सक्ती केली नाही. तिथे कनेक्टिकटच्या अगदी उलटी अडचण उभी राहिली: पत्र घरी येते, छातीत धस्स होते, आणि सोनोग्राफीचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो.

वीस डॉलरचा प्रश्न

विमा कायद्यातील 'समाविष्ट असावे' या शब्दांचा अर्थ 'फुकट असावे' असा होत नाही. अमेरिकन पॉलिसीत डिडक्टिबल असते, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीचा ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च विमाधारकानेच करायचा. त्यानंतर को-पे असतो, म्हणजे प्रत्येक भेटीची ठरलेली रक्कम. आणि शिवाय बिलातील टक्केवारीचा वाटाही असतो. सोनोग्राफी पॉलिसीत समाविष्ट आहे, पण डिडक्टिबल अजून भरलेले नाही, म्हणून पूर्ण बिल बाईंच्या नावे, असा दावा कायद्याच्या चौकटीत अगदी बरोबर बसत होता.

यावर विधिमंडळाने 2014 मध्ये को-पेला वीस डॉलरची कमाल मर्यादा घातली. पुढे त्रिमितीय मॅमोग्राम, म्हणजे टोमोसिंथेसिस, कलमात आला आणि काही परिस्थितींत एमआरआयचाही समावेश झाला. शेवटी 2022 मध्ये संमत झालेल्या कायद्याने 1 जानेवारी 2023 पासून मॅमोग्राम, सोनोग्राफी आणि एमआरआय यांच्यावरील को-पे, डिडक्टिबल आणि टक्केवारी असा सगळाच वाटा काढून टाकला. केवळ स्क्रीनिंगचेच, म्हणजे लक्षणे नसताना केलेल्या नेहमीच्या तपासणीचेच नव्हे, तर निदानासाठी केलेले चित्रणही त्यात धरले.

हा शेवटचा मुद्दा बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण बिलाचा खरा खेळ तिथेच चालतो. अमेरिकेत प्रत्येक तपासणीला पाच आकडी कोड असतो. दोन्ही स्तनांच्या स्क्रीनिंग मॅमोग्रामचा कोड 77067 आहे. त्यात काही संशयास्पद दिसले आणि स्त्रीला परत बोलावले, तर दुसऱ्या भेटीतील निदानात्मक मॅमोग्रामला 77066 किंवा 77065 लागतो, आणि एका स्तनाच्या संपूर्ण सोनोग्राफीला 76641. यंत्र तेच, खोली तीच, तंत्रज्ञ तीच. बदलतो तो एक आकडा. 2010 च्या ॲफोर्डेबल केअर ॲक्ट या केंद्रीय आरोग्य-विमा कायद्याने स्क्रीनिंग मॅमोग्राम देशभर विनामूल्य केला, परंतु त्याच स्त्रीला आठवड्याने परत बोलावले की तपासणीचे नाव 'निदान' होई आणि डिडक्टिबल लागू होई. तपासणी निम्म्यावर असताना तिचा हिशेब बदलावा, हे मला या सगळ्या व्यवस्थेतील सर्वांत अतार्किक टोक वाटते. स्क्रीनिंग ही एक कृती नसून शंका फिटेपर्यंतची साखळी आहे, हे कनेक्टिकटने 2022 मध्ये मान्य केले. न्यू यॉर्कने ते 2016 च्या कायद्यातच केले होते.

यामागे आणखी एक हिशेब होता आणि तो राज्यांच्या तिजोरीचा होता. 2011 च्या अखेरीनंतर एखाद्या राज्याने नव्या सेवेची सक्ती केली, तर त्याच कायद्याने उभारलेल्या विमा-बाजारपेठेतील पॉलिसींवर पडणारा तिचा जादा खर्च राज्याने उचलावा, असे ॲफोर्डेबल केअर ॲक्ट सांगतो. कनेक्टिकटचे सोनोग्राफीचे कलम त्या तारखेच्या कितीतरी आधीचे, आणि आधीच समाविष्ट असलेल्या सेवेवरील वाटा कमी करणे ही नवी सेवा धरली जात नाही. त्यामुळे 2005 मध्ये आपले कलम करून घेतलेल्या राज्याला पुढचे पाऊल टाकणे तुलनेने स्वस्त पडले.

दोन कार्डे

इथवर वाचून कुणालाही वाटेल की कनेक्टिकटमधील प्रश्न 2023 मध्ये सुटला. तसे झालेले नाही, आणि त्याचे कारण वैद्यकात नाही, राज्याच्या मर्जीतही नाही.

समजा, हार्टफर्डजवळच्या एका इमेजिंग सेंटरच्या प्रतीक्षागृहात दोन शेजारणी बसल्या आहेत. एक आठ-दहा माणसांच्या बेकरीत हिशेब पाहते. दुसरी पुण्याहून येऊन पंधरा वर्षे झालेली संगणक अभियंता आहे आणि हजारो कर्मचारी असलेल्या कंपनीत काम करते. हार्टफर्डच्या परिसरात अशी मराठी कुटुंबे काही दुर्मीळ नाहीत. दोघींचे वय सारखे, दोघींच्या अहवालात घनतेचा एकच वर्ग. दोघींच्या पर्समध्ये एकाच विमा कंपनीचे, एकाच रंगाचे कार्ड आहे. सोनोग्राफीनंतर बेकरीतल्या बाईंना शून्य डॉलरचा कागद येतो आणि अभियंता बाईंना बिल येते. अभियंता बाई विमा कंपनीला फोन करतात, राज्याच्या कायद्याचा दाखला देतात, आणि पलीकडून नम्रपणे सांगितले जाते की तुमच्या प्लॅनला हा कायदा लागू नाही.

ते उत्तर खरे असते. बेकरीच्या मालकाने विमा कंपनीकडून पॉलिसी विकत घेतलेली आहे. हप्ता भरला की जोखीम कंपनीची. मोठ्या कंपनीने पॉलिसी विकत घेतलेलीच नाही. कर्मचाऱ्यांच्या दाव्यांचे पैसे ती स्वतःच्या निधीतून देते, आणि विमा कंपनी फक्त कार्ड छापणे, रुग्णालयांशी दर ठरवणे आणि दावे तपासणे ही कामे करते. महाराष्ट्रातल्या वाचकाला टीपीए परिचयाचा आहे: मेडिक्लेमच्या दाव्यात विमा कंपनी एक आणि कागद पाहणारा टीपीए दुसरा. इथे खुद्द विमा कंपनीच टीपीएच्या खुर्चीत बसलेली असते, आणि पैसे देणारा मालक कार्डावर जवळजवळ दिसतच नाही. 'विमा अमुक कंपनीचा' याऐवजी 'व्यवस्थापन अमुक कंपनीचे' अशी बारीक अक्षरांतली एखादी ओळ असलीच, तर तेवढाच फरक. टेक्सासने राज्याच्या अखत्यारीतील पॉलिसींच्या कार्डांवर 'टीडीआय' किंवा 'डीओआय' ही अक्षरे छापणे सक्तीचे केले आहे. ती अक्षरे नसणे हाच तिथे मोठा सुगावा असतो.

अशा स्वनिधी योजनांना राज्यांचे विमा कायदे लागू न होण्याचे मूळ 1974 च्या 'एम्प्लॉई रिटायरमेंट इन्कम सिक्युरिटी ॲक्ट' या केंद्रीय कायद्यात आहे. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'एरिसा' म्हणतात. नावावरून निवृत्तिवेतनाचा वाटणारा, आणि मुख्यतः त्यासाठीच केलेला, हा कायदा नोकरीतून मिळणाऱ्या आरोग्य योजनांवरही चालतो. त्याची रचना तीन पायऱ्यांची आहे. नोकरदारांच्या लाभ योजनांशी संबंधित राज्यांचे कायदे पहिल्या पायरीवर निष्प्रभ ठरतात. विम्याचे नियमन करणारे राज्यांचे कायदे दुसऱ्या पायरीवर या बंदीतून वाचतात. तिसऱ्या पायरीवर असे म्हटले आहे की मालकाच्या स्वतःच्या योजनेला विमा कंपनी समजून राज्याने तिच्यावर विम्याचे कायदे लावू नयेत. दुसऱ्या पायरीने दिलेले तिसरीने बऱ्याच अंशी परत घेतले.

सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न 1985 मध्ये मेट्रोपॉलिटन लाइफ विरुद्ध मॅसॅच्युसेट्स या खटल्यात आला. मॅसॅच्युसेट्सने मानसिक आरोग्यावरील किमान उपचारांची विमा-सक्ती केली होती. न्यायालयाने ती वैध ठरवली, आणि त्याच निकालात हेही मान्य केले की यामुळे पॉलिसी विकत घेणाऱ्या योजना राज्यांच्या नियमनाखाली येतात आणि स्वनिधी योजना सुटतात. हा भेद काँग्रेसनेच, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनेच, कायद्यात घातलेला आहे, तो बदलणे न्यायालयाचे काम नाही, अशी भूमिका घेतली. 1990 मधील एफएमसी विरुद्ध हॉलिडे या निकालाने स्वनिधी योजनांची सुटका आणखी पक्की केली. तेव्हापासून एखाद्या सेवेची सक्ती करणारा प्रत्येक राज्य-कायदा या भिंतीपाशी येऊन थांबतो.

भिंतीपलीकडे माणसे किती आहेत? आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या केएफएफ या संस्थेच्या 2024 च्या पाहणीनुसार नोकरीतून विमा मिळणाऱ्या अमेरिकन कामगारांपैकी 63 टक्के स्वनिधी योजनेत होते, आणि दोनशे किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांत तर पाचांपैकी जवळजवळ चार. थोडक्यात, राज्याने मोठ्या कष्टाने केलेला कायदा छोट्या मालकांच्या नोकरांना आणि स्वतः पॉलिसी विकत घेणाऱ्यांना लाभतो, तर मोठ्या, बहुधा अधिक पगाराच्या नोकरीतील माणसे मालकाच्या मर्जीवर राहतात. काही मालक राज्याचा कायदा आपणहून पाळतात; ते न पाळणाऱ्यांना कुणी विचारू शकत नाही. शिवाय कायदा कनेक्टिकटमध्ये दिलेल्या पॉलिसींपुरता आहे. स्टॅमफर्डला राहून रोज रेल्वेने न्यू यॉर्कला नोकरीस जाणाऱ्या स्त्रीच्या पॉलिसीला साधारणपणे न्यू यॉर्कचा कायदा लागतो.

सक्ती किती शहाणपणाची होती?

कायद्याची पोच अपुरी आहे ही तक्रार करताना कायदा मुळात योग्य होता का, हा प्रश्न टाळता येत नाही. कनेक्टिकटला तो टाळता आलाही नाही, कारण 2009 नंतर हे राज्य एक आयती प्रयोगशाळाच बनले. माहितीची सक्ती लागू झाल्यावरच्या पहिल्या वर्षात येल विद्यापीठातील रेडिओलॉजिस्टांनी घन ऊती असलेल्या 935 स्त्रियांच्या सोनोग्राफीचा हिशेब मांडला. मॅमोग्राममध्ये न दिसलेले तीन कर्करोग त्यात सापडले, म्हणजे दर हजारी सुमारे तीन. राज्यातील अनेक केंद्रांच्या 8,647 सोनोग्राफींच्या दुसऱ्या अभ्यासात 28 कर्करोग सापडले. प्रमाण पुन्हा तेच. परंतु ज्यांच्यावर बायोप्सीची सुई चालवावी लागली, त्या दर शंभरांपैकी फक्त सहा-सात जणींना कर्करोग होता. उरलेल्या नव्वदहून अधिक जणींनी सुई सोसली आणि अहवालाच्या वाटेकडे डोळे लावून काही रात्री जागून काढल्या.

2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती प्रतिकृतीने याहून कठोर उत्तर दिले. पन्नास ते चौऱ्याहत्तर वयोगटात दर दोन वर्षांनी होणाऱ्या मॅमोग्रामला घन स्तनांसाठी सोनोग्राफीची जोड दिल्यास हजार स्त्रियांमागे 0.36 मृत्यू टळतील, 354 बायोप्सी विनाकारण सुचवल्या जातील, आणि दर्जेदार आयुष्याच्या एका वर्षासाठी सव्वातीन लाख डॉलर लागतील, असा तो अंदाज होता. विमा सक्तीच्या विरोधकांना याहून चांगले शस्त्र मिळाले नसते.

पुढचे पुरावे मात्र वेगळ्या दिशेने गेले. नेदरलँड्समधील 2019 च्या मोठ्या चाचणीत अत्यंत घन ऊती असलेल्या ज्या स्त्रियांना एमआरआयसाठी बोलावले, त्यांच्यात दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उद्भवणारे कर्करोग हजारी 2.5 होते, तर न बोलावलेल्यांत 5. ब्रिटनमधील 2025 च्या चाचणीत स्वयंचलित सोनोग्राफीने हजारी 4.2 कर्करोग शोधले आणि लघुकालीन एमआरआयने 17.4. या आकड्यांकडे पाहता माझा निष्कर्ष असा की कनेक्टिकटचे निदान बरोबर होते, पण 2005 मध्ये त्याने ज्या यंत्रावर सगळा भर दिला ते सर्वोत्तम नव्हते. यंत्राचे नाव कायद्यात लिहिण्याचा हा धोका असतो. विज्ञान पुढे जाते, कलम तिथेच राहते, आणि मग दर काही वर्षांनी विधिमंडळाला दुरुस्ती करत बसावे लागते. दुसऱ्या बाजूने, यंत्राचे नाव नसलेले कलम विमा कंपनीच्या अर्थावर सोपवले जाते, हेही तितकेच खरे.

वॉशिंग्टनचे उत्तर

राज्याला न ओलांडता येणारी भिंत फक्त केंद्र ओलांडू शकते, कारण ॲफोर्डेबल केअर ॲक्टमधील विनामूल्य प्रतिबंधक सेवांचा नियम स्वनिधी योजनांनाही लागू आहे. पण कोणती सेवा विनामूल्य, हे तिथे तज्ज्ञांच्या शिफारशींवर ठरते. यूएस प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने 2009 मध्ये चाळिशीतील स्त्रियांच्या सरसकट मॅमोग्रामची शिफारस काढून घेतली तेव्हा इतका गदारोळ झाला की काँग्रेसने ती शिफारस विम्यापुरती बाजूला ठेवून 2002 ची जुनीच ग्राह्य धरली. एप्रिल 2024 मध्ये टास्क फोर्सने चाळीस ते चौऱ्याहत्तर वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राम सुचवला; घन स्तनांच्या पूरक तपासणीसाठी मात्र पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. त्यामुळे त्या वाटेने सोनोग्राफी विनामूल्य होऊ शकली नाही.

माहितीच्या बाबतीत केंद्राने कनेक्टिकटचाच कित्ता गिरवला, तोही पंधरा वर्षांनी. औषधे आणि वैद्यकीय उपकरणांचे नियमन करणाऱ्या एफडीए या केंद्रीय संस्थेचा अंतिम नियम मार्च 2023 मध्ये आला आणि 10 सप्टेंबर 2024 पासून देशभरच्या मॅमोग्राम केंद्रांना प्रत्येक स्त्रीला घनता कळवणे बंधनकारक झाले. नॅन्सी कॅपेलो यांना ते पाहता आले नाही. कर्करोगाच्या उपचारांमुळेच उद्भवलेल्या रक्ताच्या विकाराने 2018 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले होते. ऑक्टोबर 2024 मध्ये करखात्याने आणखी एक गाठ सोडवली: हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट या आरोग्यखर्चासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्याशी जोडलेल्या मोठ्या डिडक्टिबलच्या योजनांनी निदानापूर्वीची सोनोग्राफी किंवा एमआरआय डिडक्टिबलआधी विनामूल्य दिली, तरी त्या खात्याची करसवलत जाणार नाही, असे स्पष्ट केले. तोवर या योजनांचे मालक नेमके हेच कारण पुढे करू शकत होते.

आणि डिसेंबर 2024 च्या अखेरीस आरोग्य खात्यातील एचआरएसए या विभागाने स्त्रियांच्या प्रतिबंधक सेवांच्या मार्गदर्शक तत्त्वांत बदल केला. सरासरी धोक्याच्या स्त्रीची तपासणी पूर्ण करण्यासाठी किंवा मॅमोग्राममध्ये आढळलेल्या गोष्टीच्या उलगड्यासाठी एमआरआय, सोनोग्राफी, मॅमोग्राम अथवा बायोप्सीतील ऊतीची तपासणी आवश्यक ठरल्यास तीही शिफारशीत धरावी, असे तो बदल सांगतो. 2026 पासून सुरू होणाऱ्या योजना-वर्षांत ती विनामूल्य द्यायची आहे, आणि स्वनिधी योजना यातून सुटत नाहीत.

प्रतीक्षागृहातील अभियंता बाईंना परत बोलावून 77066 लावला गेला, तर आता त्यांनाही बिल येता कामा नये. परंतु मॅमोग्राममध्ये संशयास्पद काहीच नसेल आणि फक्त ऊती घन असल्यामुळे डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली असेल, तर ती 'तपासणी पूर्ण करण्यासाठी आवश्यक' मानायची की नाही, हे त्यांच्या मालकाची योजना ते वाक्य कसे वाचते यावर ठरेल. एचआरएसएच्या त्या मजकुरात घनता हा शब्द नाही. कनेक्टिकटच्या 2005 च्या कलमात तो होता.